दगड किती फुटांवर लागला?

पुनर्विकासाचं आमचं घोडं सहा वर्षं पेंड खात होतं. विकासक बदलले, वकील बदलले, दोन सेक्रेटरी बदलले. ते खरंच चालायला लागलंय याची खात्री मला पटली ती गेल्या डिसेंबरातल्या एका सकाळी. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या मागे, जिथे आईचा प्राजक्त होता तिथे, लोखंडी तिपाई उभी राहिली. सॉईल टेस्टिंगवाले आले होते.

पुढचे पाच दिवस इमारतीत दुसरा विषय नव्हता. गॅलरीतून वाकून माणसं विचारायची, "लागला का दगड?" दुधाची पिशवी हातात घेऊन थांबायची आणि विचारायची, "किती फुटांवर लागला?" चेअरमन तर दिवसातून चारदा खाली येऊन भोकात डोकावायचे, जसं काही दगडच वर येऊन त्यांना नमस्कार करणार आहे. दगड लवकर लागला तर पाया स्वस्त, पाया स्वस्त तर बिल्डर खूश, बिल्डर खूश तर कार्पेट एरियात दोन-चार फूट जास्त पदरात पडतील, अशी सरळ साखळी ज्याच्या त्याच्या डोक्यात होती.

मला त्या प्रश्नाचं थोडं हसू यायचं आणि थोडं वाईट वाटायचं. कारण १९८४ साली मी भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. त्याच वर्षी बँकेची परीक्षा पास झालो आणि छत्तीस वर्षं लोकांच्या ठेवी सांभाळल्या. हातोडी आणि भिंग माळ्यावर गेलं. मुलगा काय शिकलाय असं कुणी विचारलं की आई सांगायची, "दगडांचं काहीतरी शिकलाय." तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, तिनं एका वाक्यात सगळा अभ्यासक्रम सांगितला होता.

यंत्र चालवणारा मुलगा उमरग्याकडचा होता, बालाजी. पंचविशीतला, कानात इअरफोन, पायात गमबूट. पहिल्या दिवशी नुसते ठोके. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडायचा, खालची नळी मातीत शिरते. तीस सेंटिमीटर शिरायला किती ठोके लागले ते वहीत लिहायचं. ठोके वाढत गेले की माती घट्ट होत चालली. पन्नास ठोके देऊनही नळी हलेना की ठोकणं बंद आणि हिऱ्याचे कण बसवलेलं बिट सुरू. ते खडकाचा गोल दांडा कापून वर आणतं. लाटण्यापेक्षा जाड, चकलीच्या सोऱ्यापेक्षा बारीक. हे दांडे ओळीनं एका लाकडी पेटीत मांडतात, कप्प्यांच्या कडेला रंगानं खोली लिहितात. वरच्या डाव्या कोपऱ्यात जमीन, खालच्या उजव्या कोपऱ्यात पन्नास फूट. वाचायची पद्धत पुस्तकासारखीच.

मी त्या पेटीपाशी उकिडवा बसलो तो उठेचना. बायकोनं वरून दोनदा हाक मारली.

पहिल्या पाच फुटांत आम्हीच होतो. विटांचे तुकडे, मंगलोरी कौलाचा एक कपचा, निळ्या टाइलचा कोपरा, कोळसा. त्याखाली पिवळसर मुरूम. मग असा खडक की ज्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत होते आणि बोटानं चुरा होत होता. खडक कुजतो हे लोकांना खरं वाटत नाही, पण कुजतो. आपल्याकडचा पाऊस आणि ऊन मिळून चांगला काळा पाषाण खातात, आणि जे उरतं त्याला आपण मुरूम म्हणतो, माती म्हणतो. सव्वीस फुटांवर एकदम आवाज बदलला, आणि वर आला तो करडा-काळा, गार, ओला, अखंड दांडा. बालाजीनं हातातली वही खाली ठेवली आणि वर बघून ओरडला, "लागला!" तीन गॅलऱ्यांतून एकदम समाधानाचा सुस्कारा आला. माणसं आत गेली. त्यांचा प्रश्न सुटला होता.

माझं तिथून सुरू झालं.

त्या दांड्यात पांढरे ठिपके होते. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, एक तर चांगला बदामाएवढा. एवढंच बघायला मी वरून भिंग आणलं. माळ्यावरच्या डब्यात ते अजून होतं. लाव्हा थंड होत असताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहतात, भाकरी भाजताना राहावेत तसे. नंतर केव्हातरी कोमट पाणी भेगांतून झिरपतं, बरोबर आणलेले क्षार त्या पोकळीत सोडतं आणि स्फटिक वाढतात. यातले बरेचसे झिओलाइट गटातले. हे नाव १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश माणसानं दिलं. त्यानं असा एक खडा तापवला, तर त्यातून पाणी उकळल्यासारखं बाहेर आलं; म्हणून ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. त्या खड्याच्या स्फटिकात इतक्या बारीक, नीट रचलेल्या जागा असतात की पाणी आत-बाहेर करू शकतं. कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायला झिओलाइट घालतात, ते कारखान्यात केलेले. पण युक्ती हीच. महाराष्ट्राचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानानं ठेवलेले आहेत. इथे ते खडीत जातात. तुर्भ्याच्या, पावण्याच्या दगडखाणींत सुरुंग उडाला की अशी किती बिऱ्हाडं फुटून क्रशरमध्ये गेली असतील याचा हिशेब नाही.

"काका, तुमी इंजिनेर हाव का?" बालाजीनं विचारलं.

"नाही रे. बँकेत होतो."

"मग यवढं काय बघायलाव?"

याचं धड उत्तर मला त्या वेळी देता आलं नाही. नंतर रात्री सुचलं. 'कठीण आहे का, किती खोल आहे' हा दगडाला विचारायचा पहिला प्रश्न. घर बांधणाऱ्यानं तो विचारलाच पाहिजे. पण त्याच दगडाला कुणीतरी दुसरा प्रश्न विचारतो, आणि तिथून पृथ्वीविज्ञानाची एकेक शाखा फुटते. कशाचा बनलास असं विचारलं की खनिजविज्ञान. तुझ्याबरोबर कोण गाडलं गेलं असं विचारलं की पुराजीवशास्त्र. वरळीच्या टेकडीतल्या खडकात बोटाच्या पेराएवढ्या बेडकांचे सांगाडे निघाले आणि त्यांचं वर्णन १८४७ सालीच छापून आलं, ते त्यामुळे. तू हललास का असं विचारणारे भूकंपवाले. तुझ्यात पाणी किती, असं विचारणारे भूजलवाले. कॉलेजात हे सगळे वेगवेगळे पेपर होते, वेगवेगळ्या सरांचे, आणि एका सरांचं दुसऱ्या सरांशी पटायचं नाही. त्यामुळे आम्हालाही वाटायचं की हे वेगवेगळे विषय आहेत.

सरकारचंही तसंच आहे म्हणा. २००६ साली दिल्लीत पृथ्वी विज्ञान मंत्रालय झालं. हवामान खातं, म्हणजे १८७५ सालापासून पावसाचे अंदाज चुकवण्याचा लौकिक विनाकारण माथी आलेलं ते खातं, या मंत्रालयाखाली. समुद्राचा अभ्यास याच मंत्रालयाखाली. पण प्रत्यक्ष दगड बघणारं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, १८५१ सालचं, ते खाण मंत्रालयाखाली. जमिनीखालचं पाणी जलशक्ती मंत्रालयाकडे. एकाच बोअरमधली माती, पाणी आणि खडक तीन टेबलांवर जातात. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस फुटांवर पाणी लाल आलं.

बिट थंड ठेवायला नळीतून सतत पाणी सोडतात, ते भोकातून परत वर येतं, आणि खाली काय कापलं जातंय ते त्याच्या रंगावरून कळतं. इतका वेळ राखाडी गाळ येत होता. अचानक गेरू कालवल्यासारखं पाणी अंगणभर पसरलं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "अगं बाई, हे काय कुंकवाचं पाणी!" चेअरमन धावत आले. "लाल म्हणजे धोका का?" सिग्नलची सवय.

पेटीत दीड फुटाचा विटकरी लाल थर आला, मऊ, नखानं ओरखडा निघेल असा. त्याखाली पुन्हा काळा खडक. आमच्या पुस्तकांत याला 'रेड बोल' म्हणायचे. तो थर मी हातात धरला तेव्हा खरं सांगतो, कॉलेजातल्या मैत्रिणीची चाळीस वर्षांनी प्लॅटफॉर्मवर गाठ पडावी तसं झालं.

गोष्ट अशी आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटली. चित्रात दाखवतात तसा शेंडीतून धूर सोडणारा डोंगर नव्हे. लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अकराशे-बाराशे अंश तापलेला लाव्हा दूध उतू जावं तसा पसरत गेला. थांबला, थंडावला, पुन्हा आला. असे थरावर थर. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतच येऊन गेला असं आताची मोजमापं सांगतात. आजही त्यानं सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जागा व्यापली आहे. पश्चिम घाटात थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरहून जास्त भरते. घाटातले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते त्या थरांमुळे, आणि म्हणूनच युरोपियन लोकांनी त्यांना पायरी या अर्थाच्या शब्दावरून 'ट्रॅप' म्हटलं. ज्या भेगांतून लाव्हा आला त्या भेगाही त्यातच गोठल्या. आजूबाजूचा खडक झिजला आणि त्या भिंतींसारख्या उभ्या राहिल्या. आसनगावच्या माहुलीचे सुळके बघा.

लाल थर म्हणजे दोन लाव्हांमधली विश्रांती. एक मत असं की खालचा थर थंड होऊन उघडा पडला, पावसानं कुजला, त्याची माती झाली, लोखंड गंजून लाल झालं, आणि पुढचा लाव्हा येऊन त्या मातीला भाजून गेला. दुसरं मत, ही ज्वालामुखीची राख, तीच पुढे बदलून लाल झाली. काही ठिकाणी हे खरं, काही ठिकाणी ते. पहिलं खरं धरलं तर त्या दीड फुटात ऊन आहे, पाऊस आहे, कदाचित झाडांची मुळंही. आमच्या अंगणाखाली एक्केचाळीस फुटांवर एक जुनं अंगण.

सॉईलवाल्या कंपनीच्या साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "हो, वीक झोन आहे, रिपोर्टमध्ये मेन्शन करू." चूक काहीच नाही त्यांचं. पायाच्या दृष्टीनं तो कच्चा थरच.

माझी बरीचशी नोकरी डोंबिवलीच्या शाखेत झाली. तेव्हा जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची, १९१६ सालच्या. कळवा मागे पडलं की पारसिकचा डोंगर समोर यायचा आणि मी रोज खिडकीतून एकच गोष्ट शोधायचो, थरांचा कल. माळशेजला किंवा कसाऱ्याच्या पुढे गेलात तर थर भाकऱ्यांच्या चळतीसारखे आडवे दिसतात. पण ठाणे-पनवेलच्या पट्ट्यात चळत एका बाजूला, समुद्राकडे, कललेली आहे. भूशास्त्रात याला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. पनवेलचा बाक म्हणू या. जगाच्या पाठीवर कुठल्याही परिषदेत आपल्या पनवेलचं नाव असं घेतलं जातं याचं मला फार कौतुक आहे, पण पनवेलच्या लोकांना मी सांगितलं की ते म्हणतात, "असं का? आणि विमानतळाचं काय?" हा बाक आला तो किनारा फाटला तेव्हा. आज आफ्रिकेच्या बाजूला असलेली सेशेल्स बेटं एके काळी आपल्याला चिकटलेली होती. ती सुटून गेली, मध्ये अरबी समुद्र रुंदावत गेला आणि इकडची कड वाकली. किनाऱ्याला समांतर भेगा आहेत, गरम पाण्याचे झरेही कोकणभर ओळीनं आहेत. वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडात लहानपणी आजीनं मला बुचकळून काढलं तेव्हा ती सांगायची, देवीनं मारलेल्या राक्षसांचं हे रक्त, म्हणून कढत. भूशास्त्राचं म्हणणं साधं आहे. आत जावं तसं दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापमान चढतं. पावसाचं पाणी भेगेतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. त्याला आता ज्वालामुखी लागत नाही. कुंडात उतरल्यावर मात्र आजीचं खरं वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त जीव लावला तो चुंबकत्वानं, आणि त्यावर थोडं थांबणार आहे.

लाव्हात लोखंडाची खनिजं असतात. तो तापलेला असताना त्यांचं चुंबकत्व जागेवर नसतं. मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या खाली उतरलं की त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जसं असेल तसं ते त्यात कायमचं नोंदलं जातं. म्हणजे आमच्या पेटीतल्या प्रत्येक दांड्यात गोठलेल्या होकायंत्राच्या असंख्य सुया आहेत. ध्रुवांपाशी होकायंत्राची सुई जवळजवळ उभी राहते, विषुववृत्तावर आडवी. त्यामुळे सुईच्या कलावरून खडक कुठल्या अक्षांशावर थंड झाला ते काढता येतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी १९५०च्या दशकात दख्खनचे नमुने नेऊन मोजले, १९५६ साली छापले. उत्तर आलं, हा खडक विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थंड झालेला आहे. खंड सरकतात हे वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानं १९१२ साली सांगितलं होतं आणि त्याची बरीच टिंगल झाली होती. त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला पुढे जे दगड उभे राहिले त्यांत आपला काळा पाषाण होता. नौपाड्याची जमीन नौपाड्यात तयार झालीच नाही. ती तिकडे, हिंदी महासागरात आज रीयुनियन बेट आहे त्या बाजूला तयार झाली आणि इथवर चालत आली, अजूनही वर्षाला पाचेक सेंटिमीटर चालतेय. म्हणूनच मूळचा ठाणेकर कोण यावर सोसायटीत वाद झाला की मी गप्प बसतो.

हे चुंबकत्व मोजायची आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून नोंदी. १८५९च्या सप्टेंबरात सूर्याकडून आलेलं ते प्रसिद्ध चुंबकीय वादळ कुलाब्यानं टिपलं, आणि दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याचा जोर किती होता हे ठरवायला त्याच नोंदी उघडल्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायचं ठरलं. विजेच्या तारांमुळे चुंबकाच्या नोंदी बिघडणार, तेव्हा १९०४ साली वेधशाळा अलिबागला नेली. इमारत बांधली ती पोरबंदरचा दगड आणून, कारण अलिबागला चहूकडे आपला बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, आणि तोच स्वतः चुंबक! नानाभाई मूस हे तेव्हा संचालक होते. त्यांनी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं चालू ठेवली, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा. नवीन सिस्टिम आली की जुनी खतावणी त्याच रात्री गुंडाळणारी आमची बँक मला आठवते आणि मूससाहेबांबद्दल आदर दुणावतो. त्या परंपरेची भारतीय भूचुंबकत्व संस्था आता नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे. हार्बरच्या गाडीनं जाणाऱ्या हजारोंना ते माहीत नाही.

चौथ्या दिवशी यंत्र बिघडलं, बेल्ट आणायला माणूस गेला. बालाजी आणि मी चहा घेत बसलो. तो म्हणाला, "आमच्याकडंबी खाली असलाच काळा हाय."

"कुठलं गाव?"

"किल्लारीपासनं जवळच."

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. मला तो दिवस आठवतो. ठाण्यात आम्हालाही पलंग हलल्यासारखं वाटलं होतं. बालाजीचा जन्म पुढचा, पण त्याच्या आज्याचं घर त्यात बसलं. "माळवदाचं हुतं," तो म्हणाला. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचं धाबं. उन्हाळ्यात गार. भूकंप ६.२च्या आसपासचा, जपानात बातमीच्या पहिल्या पानावरही आला नसता. इथे जवळपास दहा हजार माणसं गेली. ती बरीचशी त्या दगडांखाली. काळाच दगड, याच पेटीतला.

आणि नकाशात तो भाग सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता. देशाचे तेव्हा भूकंपाचे पाच पट्टे होते, किल्लारी पहिल्यात. २००२ साली नकाशा नव्यानं केला आणि पहिला पट्टाच काढून टाकला. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ला कोयना. ती वेगळी, धरणात पाणी भरल्यावर जमिनीवर आणि खालच्या भेगांवर ताण बदलतो त्याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणून पुस्तकात तीच देतात. आता कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या खडकात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलंय. बालाजीला हे सांगितल्यावर तो माझ्याकडे पहिल्यांदा आदरानं बघायला लागला असं नव्हे, पण त्यानं इअरफोन काढला. "तीन किलोमीटर? कुठल्या बिटनं?"

मग मी त्याला रशियातल्या कोला द्वीपकल्पावरच्या भोकाबद्दल सांगितलं, १२,२६२ मीटर. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतच्या ६,३७१ किलोमीटरांपुढे ते म्हणजे आंब्याच्या सालीवर ओरखडाही नाही. त्यापुढचं जे काही ठाऊक आहे ते भूकंपांच्या लाटांवरून. पोटात घनगोळा आहे हे १९३६ साली इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी कागदावरच्या नागमोडी रेघांवरून ओळखलं. नारळ हलवून पाणी किती ते सांगतात तसंच म्हणायचं.

नारळावरून आठवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी सोसायटीनं बोअरवेल काढायचं ठरवलं. मी छाती पुढे काढून सल्ला दिला. उतार बघितला, शेजारच्या विहिरीची पातळी विचारली आणि मागच्या भिंतीपाशी जागा दाखवली. २२० फूट नुसती भुकटी आली. मग चेअरमननी पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ आडवा धरून अंगणात फिरला, गेटापाशी नारळ उभा राहिला, आणि तिथे १४० फुटांवर पाणी लागलं. तेव्हापासून या इमारतीत माझ्या शास्त्राची पत काय आहे ते विचारू नका. खरं कारण असं की आपला खडक स्पंजासारखा नाही. पाणी असतं ते भेगांत, सांध्यांत, दोन थरांमधल्या फटीत. भेग सापडली तर पाणी, चार फूट बाजूला भोक पडलं तर धूळ. १९७२च्या दुष्काळी साली राज्यानं भूजल सर्वेक्षणाची यंत्रणा उभी केली ती उगाच नाही. पण हे स्पष्टीकरण मी त्या दिवशी दिलं तेव्हा कुणी ऐकायला थांबलं नव्हतं. सगळे पाणाड्याला चहा देत होते.

शास्त्र न शिकता ज्यांना हे कळतं त्यांच्याबद्दल मला असूया आहे हे कबूल करतो. चेंदणी कोळीवाड्यातली एक मावशी आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी आणायची. पाटी रिकामी असली की म्हणायची, "भांग हाय, म्हावरा कुठना येल?" अष्टमीच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, पाण्याला ओढ राहत नाही आणि प्रवाहावर लावलेली जाळी भरत नाहीत. ते भांग. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत आले की उधाण. सागरविज्ञानाचं एक अख्खं प्रकरण तिच्या दोन शब्दांत बसायचं. पुढे खाडीत गाळ भरला आणि तिची पाटीही बंद झाली. गाळ मात्र रोहितपक्ष्यांना मानवला. खाडीला २०२२ साली रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तिचं नाव गेलं.

रिपोर्ट आला जानेवारीत. सभेला सगळे हजर, कधी नव्हे ते भाडेकरूसुद्धा. चेअरमननी सांगितलं, "आपल्यात एक जिओलॉजीचे आहेत, तेच वाचून दाखवतील." मी चष्मा लावला. आदल्या रात्री चार कागद भरून टिपणं काढली होती, सेशेल्सपासून अलिबागपर्यंत. समोर बघितलं तर माणसं एकच गोष्ट ऐकायला पुढे झुकली होती.

"सव्वीस फुटांवर लागलाय," मी म्हणालो. "पक्का आहे."

टाळ्या पडल्या. बटाटेवडे आले. टिपणं खिशातच राहिली.

जिना चढताना पहिल्या मजल्यावर वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ते लाल पाणी आलं होतं ना त्या दिवशी, ते कशाचं होतं हो?"

मी थांबलो. "सांगतो. पण वेळ लागेल."

"कुकर लावलाय. तीन शिट्ट्या होईपर्यंत सांगा."

मी पायरीवरच बसलो. पहिली शिट्टी झाली तेव्हा माझा खालचा लाव्हा अजून थंडसुद्धा झाला नव्हता.